पडद्याचा डगला

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. जेवणाच्या खोलीतले पडदे माझ्या बायकोनं, बेरिलनं, मला राजीखुशीनं दिले होते. मी ते खेचून काढले, तिनं आरडाओरडा केला आणि मी पडद्यांसकट खुर्चीवरून खाली आलो, अशी जी हकिगत आमच्या ब्लॅकनबीच्या पोस्टातल्या रांगेत अजून सांगितली जाते, तिच्यातला फक्त खाली येण्याचा भाग खरा आहे. खुर्ची मुळात डुगडुगती होती. तीस वर्षं मी गावाच्या बांधकाम परवानगी कचेरीत नोकरी केली, त्यामुळे घटनेचा क्रम नीट लावण्याची मला सवय आहे.

आता त्रेसष्टाव्या वर्षी माणसाला पडदे कशाला लागतात? तर डगला शिवायला. दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये आम्ही बारा-तेरा जण तलवारी खेळतो. तलवारी पोलादी असतात, पण धार नसते आणि टोकाला रबराचं बोंड असतं. तोंडावर जाळीचा मुखवटा असतो. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात जसे खेळत तसे आम्ही खेळतो, निदान तसा आमचा समज आहे. हॉलमध्ये ढगळ विजार आणि जाड जाकीट चालतं. पण जूनच्या पहिल्या शनिवारी ब्लॅकनबी हॉल या जुन्या वाड्याच्या हिरवळीवर क्लबचे वार्षिक सामने होतात, गाव बघायला येतं, आणि तिथे त्या राणीच्या काळचा पोशाख केल्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. कमरेपर्यंत घट्ट, समोर ओळीनं बटणं, मानेला उभी पट्टी, त्याला डब्लेट म्हणतात. मी आपला डगला म्हणतो. तो तयार विकत आणणं आमच्या क्लबात कमीपणाचं मानतात. स्वतःच शिवावा लागतो. म्हणून मागची तीन वर्षं त्या शनिवारी मी चहाच्या टेबलामागे उभा राहून दूध घालायचं काम केलं होतं.

या वर्षी मात्र मिसनं गळ घातली. मिस म्हणजे हेस्टर ऑलरन्शॉ, वय शहात्तर, आमच्या तलवारीच्या शिक्षिका. त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे निम्मं गाव त्यांना अजून 'मिस' म्हणतं आणि त्या समोर आल्या की शर्ट आत खोचतं. मी या गावात तिशीनंतर आलो, तरी मीही खोचतो. तीन वर्षांत माझ्या तलवारीचं टोक त्यांना एकदाही लागलेलं नाही. त्यांचं मला किती वेळा लागलं हे मोजायचं मी पहिल्याच महिन्यात सोडून दिलं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी त्या म्हणाल्या, "मिस्टर सॉवरबी, सामन्यानंतरच्या मंगळवारी माझा गुडघा बदलणार आहेत. मग तलवार खुंटीला. जूनमध्ये डगला घालून मैदानावर या. आधी पाच वार मारेल तो जिंकला, असा एक डाव, फक्त तुमच्याशी."

"माझ्याशी का, मिस?"

"कारण दर गुरुवारी हॉलची झाडलोट करून सगळ्यात शेवटी तुम्ही जाता. आणि तुम्ही 'लागला' फार छान म्हणता."

हे 'लागला' प्रकरण समजल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या खेळात पंच नसतो. ज्याला वार लागला त्यानंच मोठ्यानं 'लागला' म्हणायचं. मारणाऱ्यानं फार तर 'लागला का?' एवढं विचारावं. समोरचा 'नाही' म्हणाला की विषय संपला. त्याच्या शब्दापुढे अपील नाही. अख्खा खेळ माणसाच्या सचोटीवर उभा आहे, आणि खेळात मी कितीही कच्चा असलो तरी या एका विषयात कुणाच्या बापाला हार जाणार नाही, असं मला वाटत असे. कचेरीत तीस वर्षांत मी अर्जदाराचं एक बिस्किटही खाल्लेलं नाही.

तेव्हा मला हवं होतं ते एवढंच. मिसचा गुडघा जाण्याआधी एक वार. पाच नकोत, एकच.

बेरिलनं पडदे दिले ते सायीच्या रंगाचे, नक्षीदार विणीचे होते. त्यांच्याकडे बघत आम्ही एकोणतीस वर्षं जेवलो होतो. देताना तिनं अट घातली. "डगल्याला लागेल तेवढं काप. बाकी कशाला एक चिंधीही मिळणार नाही. दुसऱ्या खिडकीचे अजून लटकतायत, ते मोजून ठेवलेत मी."

कापण्याचा भाग बरा गेला. काजं करण्याचा भाग मी आरशासमोर उभा राहून केला, कारण बटणं सरळ रेषेत यायला हवी होती. अठ्ठावीस काजं. अकरा दिवस लागले. रेषा अगदी सरळ आली. फक्त ती बायकांच्या बाजूला आली. आरशात डावं ते उजवं दिसतं हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण ज्ञान वेळेवर हजर झालं असतं तर माणूस कचेरीतच वर चढला नसता का? बेरिल म्हणाली, "माझी सोय झाली. मला लावून द्यायला बरं." ती हसली नाही, याची नोंद इथे मुद्दाम करतो.

यानंतर गाठ पडली माल्कम फॉसेटशी. माल्कम दिवसा घरोघरचे गॅसचे बंब तपासतो आणि गुरुवारी आमच्या क्लबचा सुरक्षा तपासनीस असतो. दोन्हीकडे त्याचा चेहरा तोच असतो. क्लबची नियमावली बेचाळीस पानांची आहे आणि ती माल्कमनं लिहिली आहे. नियम असा, की डगल्याच्या कापडाचा वीतभर चौकोनी तुकडा तपासणीला द्यायचा. माल्कम तो एका चौकटीत ताणतो, वर एक नळी उभी धरतो आणि नळीतून वजन लावलेला बोथट सुळा सोडतो. सुळा आरपार गेला तर कापड नापास. तलवारीचं पातं चुकून मोडलं तर त्याचं टोक आत जाऊ नये, यासाठी हे सगळं.

पहिल्या गुरुवारी माझा तुकडा नापास झाला, कारण तो वीतभराला अर्धा इंच कमी होता. दुसऱ्या गुरुवारी तुकडा बरोबर होता, पण फॉर्म जुन्या नमुन्यातला होता. मी म्हणालो, "माल्कम, हा फॉर्म तूच मला दिलास."

"हो, पण मागच्या महिन्यात. तेव्हा तो चालू होता."

खरं सांगतो, मला राग आला नाही. हे उत्तर इतकं नितळ होतं की मला माझे नोकरीचे दिवस आठवले.

तिसऱ्या गुरुवारी फॉर्म बरोबर, तुकडा बरोबर. माल्कमनं सुळा सोडला आणि तो कापडातून, त्याखालच्या वर्तमानपत्रातून जाऊन टेबलात रुतला. जिथे हा सुळा शिरला असता ती पोटावरची जागा मी नकळत दोन्ही हातांनी झाकली. मिस लांबून म्हणाल्या, "अरे बापरे." तुकडा अस्तराचा होता. नुसत्या अस्तराचा. पडद्याची चिंधी बेरिल देणार नव्हती आणि मी तिच्याकडे मागण्याच्या फंदात पडलो नव्हतो. पण त्या क्षणी हे माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात एवढंच आलं की डगला कच्चा आहे.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. पण ताक कसं फुंकावं हे शेजाऱ्यांना विचारायला गेलं की ताक राहतं बाजूला आणि सगळी आळी फुंकत बसते.

डावीकडे राहतो गिल्बर्ट टास्कर. आयुष्यभर त्यानं सोफे मढवले. त्यानं डगल्यावर हात फिरवला आणि डॉक्टर वाईट बातमी देताना बसतो तसा बसला. "लेनर्ड, यात जीव नाही रे. माणूस काय, मांजर बसलं तरी खाली जाईल."

"यावर कुणी बसणार नाहीये, गिल्बर्ट."

"तलवार बसणार आहे ना? मग तेच. मी तुला सोफ्याचा दाबलेला कापूस देतो. दोन थर टाक. शंभर किलोचा पाहुणा वीस वर्षं बसला तरी हूं की चूं करत नाही."

उजवीकडे नेरिस प्यू. मूळची वेल्सची, नाटकमंडळीचे कपडे ती सांभाळते, त्यामुळे राजेराण्यांविषयी तिचा शब्द आमच्या गल्लीत अखेरचा. ती म्हणाली, "कापूस घाला नाहीतर गवत घाला, पण लेनर्ड, छाती कुठाय तुमची? त्या काळातले पुरुष असे पोक काढून चालत नव्हते. आत तरटाचे दोन थर घाला खळ लावून. मग बघा कसे दिसता." आणि जाता जाता म्हणाली, "बटणं बायकी का लावलीत? काही विशेष?"

तरट घातलं. खळ लावली. कापूस टाकला. मग मनात आलं, एवढं केलंच आहे तर गालिच्याखाली घालतो त्या नमद्याचा उरलेला तुकडा पोटमाळ्यावर पडूनच आहे. पडदा, तरट दोन, कापूस दोन, नमदा, अस्तर. सात थर झाले. बेरिलच्या आईचं शिवणयंत्र चौथ्या थराला कण्हू लागलं, पाचव्याला त्याची सुई मोडली, सहाव्याला ते जे बंद पडलं ते आजतागायत. मग गिल्बर्टच्या गॅरेजमधलं सोफ्याचं यंत्र. त्याचं पायडल दाबलं की ते सुटतंच, थांबायचं का नाही हे त्याचं ते ठरवतं. पहिल्या झपाट्यात त्यानं माझी डावी बाही डगल्याला शिवून टाकली, आणि मी त्या बाहीत होतो. गिल्बर्टनं मला उसवून काढेपर्यंत त्याची बायको, गिल्बर्टनं नवीन गिऱ्हाईक आणलंय असं समजून, दोन कप चहा घेऊन आली.

मे महिन्याच्या अखेरच्या गुरुवारी सात थरांचा तुकडा माल्कमपुढे ठेवला. त्यात पडदाही होता, कारण आता बेरिललाही माझी कीव आली होती आणि तिनं शिलाईतली पट्टी उसवून दिली होती. माल्कमनं सुळा सोडला. सुळा कापडावर आपटून उसळला आणि माल्कमच्या चहात पडला. माल्कमनं तो बाहेर काढला, पुसला, आणि तपासनीस म्हणून अकरा वर्षांत प्रथमच त्याच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघाला. "हं," तो म्हणाला. मग त्यानं डगल्याच्या आतल्या बाजूला 'पास' लिहिलेली लाल पट्टी स्वतःच्या हातानं शिवली. ती शिवताना त्याच्या दोन सुया मोडल्या. मी सुखावलो.

शनिवारी सकाळी पाऊस पडून गेला होता. बेरिलनं अठ्ठावीस बटणं लावली आणि मग लक्षात आलं की मला बसता येत नाही. वाकता येत नव्हतं. हात खाली सोडले की ते आपोआप बाजूला वर येत. आमच्या मोटारीत मला घालायचा आम्ही तीनदा प्रयत्न केला, शेवटच्या वेळी नेरिसनं मागून ढकललं. अखेर गिल्बर्टनं आपली सोफे वाहून नेण्याची जुनी गाडी काढली. तिच्यात मला उभा केला, दोन्हीकडून पट्टे आवळले आणि वर एक रजई टाकली.

"रजई कशाला?" मी विचारलं.

"पॉलिश खरवडतं," गिल्बर्ट सवयीनं म्हणाला.

हिरवळीवर मात्र मी उतरलो तो वेगळाच माणूस होऊन. छाती होती. नेरिसचं म्हणणं खरं होतं, छाती असली की माणसाचा आवाजही बदलतो. गाव कुंपणाशी उभं होतं. तंबूत चहा होता, आणि या वर्षी दूध दुसरंच कुणी घालत होतं.

माझा पहिला डाव लागला एका ग्रंथपाल बाईंशी. तीन वार आधी मारेल तो जिंकला. मला एकही वार लागला नाही. माझे तीन लागले. तीन वर्षांत मी जिंकलेला हा पहिला डाव! मी मुखवटा काढून बेरिलकडे पाहिलं, तिनं हात हलवला. दुसरा डाव एका तगड्या शेतकऱ्याशी. तोही जिंकलो. मला वाटलं, डगल्यात गुण आहे. ताठ उभं राहायला लागलं की पवित्रा सुधारतो, पवित्रा सुधारला की माणूस चपळ होतो, असं मी गिल्बर्टला समजावूनही सांगितलं. दोन माणसांना तिथल्या तिथे पवित्र्याविषयी सल्ला दिला. ते आठवलं की आजही मला खोलीतून उठून बाहेर जावंसं वाटतं.

तिसरा डाव पिअर्स लोमॅक्सशी. पिअर्स आमचा दातांचा डॉक्टर. आम्ही बराच वेळ खेळलो. मध्येच तो थांबला. "लागला का?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

थोड्या वेळानं पुन्हा. "आता? लागला का?"

"नाही बुवा."

"इथे? जराही नाही?" हा प्रश्न विचारण्यात त्याचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्याच्या आवाजात अपार धीर होता. पाच वेळा त्यानं विचारलं, पाच वेळा मी हसतमुखानं 'नाही' म्हणालो. मग माझे तीन वार झाले. पिअर्सनं तलवार उंचावून सलाम केला आणि म्हणाला, "तुमचा डगला फारच चिवट आहे हं, लेनर्ड."

आता आमच्याकडे कुणी कुणाला तोंडावर खोटारडा म्हणत नाही. त्याऐवजी डगल्याला चिवट म्हणतात. मला हे कळायला हवं होतं. पण मी म्हणालो, "धन्यवाद! सात थर आहेत." आणि चहाला गेलो. तंबूत मी शिरलो तशी बोलणी थांबली. ग्रंथपाल बाईंना एकाएकी छताची शिवण बघायची गरज वाटली. केकची बशी माझ्यापर्यंत येऊन वळली आणि परत गेली. गेली तीन वर्षं ज्या टेबलावर मी सगळ्यांच्या कपात दूध घातलं, त्याच टेबलावर मला कुणी साखरही पुढे केली नाही. का, ते मला खरंच उमगेना.

बेरिल आली. तिनं माझ्या कोपराला धरून मला तंबूबाहेर नेलं. "लेनर्ड, खाली बघ."

"मला खाली बघता येत नाही, बेरिल. मानेची पट्टी आहे."

मग तिनं पर्समधला आरसा काढून माझ्या छातीसमोर धरला. सकाळच्या पावसानं जमीन ओली होती. विसाव्याला प्रत्येक जण तलवारीचं टोक जमिनीवर टेकवतो, त्यामुळे प्रत्येक रबरी बोंडाला चिखल लागलेला होता. आणि माझ्या सायीच्या रंगाच्या छातीवर, पोटावर, बरगडीवर, स्वच्छ, गोल, नाण्याएवढे चिखलाचे डाग होते. बेरिलनं मोजले. अकरा.

अकरा वेळा मला वार लागला होता आणि एकदाही 'लागला' न म्हणता मी सगळ्या गावासमोर, छातीवर पुरावा मिरवत, 'नाही' म्हणालो होतो. सोफ्याचा कापूस, खळीचं तरट आणि नमदा यांच्यापलीकडे मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. गेंड्याची कातडी हे शब्द मी कचेरीत इतरांविषयी वापरत असे. आता ती अंगात होती आणि तिला अठ्ठावीस बटणं होती. मला इतकी लाज वाटली की उभ्या उभ्या मातीत जावंसं वाटलं. पण वाकता येत नसल्यामुळे नुसता उभा राहिलो.

मी पहिल्यांदा पिअर्सकडे गेलो, मग शेतकऱ्याकडे, मग त्या ग्रंथपाल बाईंकडे. प्रत्येकाला डाग दाखवले आणि सांगितलं की मला खरंच कळलं नाही, डाव तुमचा. ते म्हणाले, "छे छे, त्यात काय." आमच्याकडे 'छे छे, त्यात काय' म्हणजे विश्वास बसला असाही अर्थ होतो आणि नाही बसला असाही. शेवटी मिसकडे गेलो. त्या एका घडीच्या खुर्चीवर दुखरा पाय समोर पसरून बसल्या होत्या. चाळीस वर्षांपूर्वी शिवलेला त्यांचा पांढराशुभ्र तागाचा डगला अंगात होता. दिवसभरात त्यावर एकही ठिपका नव्हता.

"मिस, मी नाव मागे घेतो," मी म्हणालो. "तुमच्याशी खेळायची माझी लायकी नाही. तुम्ही मारलेलं मला कळणारच नाही, आणि मग तो डाव कसला?"

मिसनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आत काय काय आहे?"

मी थर सांगितले. नमद्याशी त्यांनी डोळे मिटले.

"काढा ते सगळं."

"मग ते तपासणीत पास झालेलं कापड राहणार नाही." हे माल्कम मागून म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. "लाल पट्टी सात थरांची आहे, मिस. नियम एकोणीस."

"मग पुन्हा तपास, माल्कम."

"फॉर्म संपलेत, मिस."

"एखाद्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर लिही. आणि शर्ट खोच."

माल्कमनं शर्ट खोचला. पण तुकडा कुठून आणायचा? पडदा आणि अस्तर, दोन्ही एकत्र असलेला, वीतभर चौकोनी. बेरिलनं पर्समधून कात्री काढली, माझ्यामागे गेली आणि डगल्याच्या कमरेखालची आख्खी झालर, जी करायला मला नऊ दिवस लागले होते, ती सर्रकन कापून माल्कमच्या हातात दिली. जिनं मार्चमध्ये चिंधी दिली नसती, तिनं भर मैदानात एकोणतीस वर्षांच्या पडद्याला कात्री लावली. मी तिच्याकडे बघू लागलो तर म्हणाली, "हात वर कर आणि गप्प उभा राहा." आणि उसवायला लागली. गिल्बर्ट आणि नेरिस दोन्ही बाजूंनी तरट ओढत होते. गिल्बर्ट कापूस हातात घेऊन हळहळत होता. "बघ, एवढा मार खाऊन जराही दबला नाहीये," तो म्हणाला.

माल्कमनं चहाच्या टेबलावर चौकट मांडली आणि सुळा सोडला. सुळा कापडावर बसला आणि तिथेच राहिला. आरपार गेला नाही. त्यानं पुन्हा सोडला. पुन्हा तेच.

"पास," माल्कम म्हणाला. मग जरा विचार करून, "हे दोन थर मार्चमध्ये एकत्र जोडले असतेत तर तेव्हाच पास झालं असतं, लेनर्ड. अपूर्ण जोडपत्र."

अपूर्ण जोडपत्र. तीस वर्षांत हे दोन शब्द मी किती जणांच्या अर्जावर लाल शाईनं लिहिले असतील! कुणाचं गॅरेज, कुणाची काचेची खोली, कुणाच्या म्हाताऱ्या आईसाठी तळमजल्यावरची न्हाणी. त्यांतल्या दोघातिघांनी तरी त्या वेळी मला काय म्हटलं असेल ते मला त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकू आलं.

सात थरांसाठी बेतलेला डगला दोन थरांवर आला की अंगावर कसा दिसतो, याचं वर्णन मी करणार नाही. कुंपणाशी एक लहान मुलगी 'बुजगावणं' म्हणाली आणि तिच्या आईनं तिला गप्प केलं नाही, एवढं पुरे. छाती गेली होती. माझा नेहमीचा आवाज परत आला होता.

मिस उठल्या. काठी बेरिलकडे दिली, मुखवटा चढवला, सलाम केला.

पहिला वार मला दिसलाच नाही. पण लागला! खांद्याच्या खाली, टचकन, चांगला बोट रुतल्यासारखा. "लागला!" मी ओरडलो. इतक्या आनंदानं मार खाणारा माणूस ब्लॅकनबी हॉलनं यापूर्वी पाहिला नसावा. दुसरा पोटावर. "लागला!" तिसरा मनगटावर, चौथा पुन्हा पोटावर, आधीच्या डागाला जवळजवळ चिकटून. प्रत्येक वेळी मी मिसचं टोक मागे वळायच्या आत ओरडत होतो. पिअर्स लोमॅक्स कुंपणाला टेकून बघत होता. चौथ्याला तो हसला आणि त्यानं मान डोलावली. त्या मानेनं मला किती बरं वाटलं हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही, सांगितलं तर तो दाढ काढायला लावील.

चार शून्य. मिसचा श्वास वाढला होता. दुखऱ्या पायावरून त्या दुसऱ्या पायावर भार घेत होत्या, आणि त्या एका क्षणात त्यांची तलवार केसभर बाहेर गेली. मी घुसलो. कसा घुसलो, ते माहीत नाही. हात सरळ, टोक पुढे, डोळे बहुधा बंद. हाताला काहीच जाणवलं नाही. वाया गेला, असं मनात म्हणत मी मागे सरलो.

"लागला," मिस म्हणाल्या.

मी जागच्या जागी थिजलो. मी माझ्या तलवारीचं टोक पाहिलं. बोंडाला चिखल थापलेला होता. मी मिसची बाही पाहिली, छाती पाहिली, खांदा पाहिला. सगळं पांढरंशुभ्र, धुऊन आणल्यासारखं. माल्कमनंही मान लांब करून बघितलं आणि खिशातली वही अर्धी बाहेर काढली. तीन वर्षं मी या एका शब्दासाठी झुरलो होतो, आणि आता तो मिळाल्यावर माझ्या तोंडून काय निघावं? तीस वर्षांची नोकरीच निघाली.

"मिस," मी म्हणालो, "डाग नाही."

मिसनं मुखवटा वर केला. चेहरा लाल झाला होता आणि कपाळावर केस चिकटले होते. शाळेत उलटा नकाशा टांगणाऱ्या मुलाकडे त्या ज्या नजरेनं बघत असतील, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मिस्टर सॉवरबी, सकाळपासून तुम्ही छातीवर अकरा डाग घेऊन 'नाही' म्हणत होतात. आमच्यापैकी एकानं तरी डाग दाखवला का तुम्हाला? तुमचा शब्द ऐकला आणि खेळलो. आता माझा शब्द ऐका. अंग माझं आहे. लागला."

तो वार लागला होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही. बेरिलला विचारलं तर ती म्हणते, "मिसनं सांगितलं ना?" माल्कमनं वही परत खिशात घातली आणि नकळत शर्ट खोचला. माझे डोळे भरून आले होते. पण जाळीच्या मुखवट्याचा फायदा असा की आतलं बाहेर दिसत नाही.

"चार एक," मिस म्हणाल्या आणि मुखवटा खाली ओढला. "उभे राहा नीट. गुडघे वाकवा. बुजगावण्यालाही पवित्रा असतो."

मी गुडघे वाकवले. मग त्यांनी मला पाचवा मारला, बरोबर छातीच्या मधोमध, बायकी बाजूला लावलेल्या चौदाव्या बटणावर. चांगलाच लागला. कुंपणापलीकडे, तंबूत, थेट चहाच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असा मी ओरडलो, "लागला!"